चुनारचा किल्ला आणि त्याचा दगड

काशीयात्रा केलेले आपल्यांत पुष्कळ असतील. पण तेथून सुमारे चाळीस किलोमीटरांवरच्या चुनारला वाट वाकडी करून गेलेले थोडेच. मिर्झापूर जिल्ह्यात विंध्याचा एक फाटा गंगेच्या काठापर्यंत येऊन थबकतो. त्याच्या टोकावर हा किल्ला आहे. नदी हाच त्या काळचा हमरस्ता. तेव्हा किल्ला ज्याच्या हाती, त्याच्या हाती पूर्वेची वाट. हुमायून आणि शेरशहा यासाठीच झुंजले. १७८१ साली काशीत चेतसिंगाची माणसे उठली, तेव्हा वॉरन हेस्टिंग्जने पळून येऊन आसरा घेतला तोही येथेच.

मराठी माणसाला येथे त्रिंबकजी डेंगळे आठवावेत. ठाण्याच्या तुरुंगातून ते १८१६ साली निसटले. पुन्हा हाती लागल्यावर इंग्रजांनी त्यांना मुलखापासून इतके दूर आणून ठेवले. महाराणी जिंद कौर मात्र १८४९ साली याच किल्ल्यातून वेष पालटून निघाल्या आणि नेपाळात पोहोचल्या!

ही राजेरजवाड्यांची हकीकत वाटाड्या सांगतोच. आम्ही रेंगाळलो ते तटाच्या दगडापाशी. सारनाथचे सिंहशीर्ष, जे आपण रोज नोटेवर पाहतो, ते या चुनारी वालुकाश्माचेच. अशोकाचे अखंड स्तंभही याच दगडाचे मानतात. असा स्तंभ डोंगरातून सोडवायचा, घोटायचा आणि शेकडो कोस न्यायचा, हे काम किती हातांचे असेल! त्या हातांची नावे कोणत्याच शिलालेखात नाहीत.

हा दगड म्हणजे मुख्यतः दाबून घट्ट झालेली वाळू. छिन्नी वा यंत्र चालले की डोळ्याला न दिसणारी धूळ उडते, फुप्फुसात रुतते आणि तेथे वण धरतो. याला सिलिकोसिस म्हणतात. औषधाने तो बरा होत नाही, आणि पुष्कळदा क्षय मागोमाग येतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा रोग सरकारला कळवण्याच्या यादीत घातला खरा. पण दगडफोडीवरच्या रोजंदारी माणसाचे नाव हजेरीपटावरच नसेल, तर कळवायचे कोणाविषयी? पाणी सोडून दगड कापला तर धूळ बरीच खाली बसते. त्याला लागते काय? एक टाकी, एक नळी, आणि मालकाची तयारी.

किल्ला पाहून झाल्यावर चुनारी दगडाची एखादी मूर्ती घ्याल, तेव्हा घडवणाऱ्याला एवढे विचारा : दगड ओला करून कापता की कोरडा?