घुबडाची लव आणि पवनचक्कीचे पाते

पवनचक्की फिरत असताना दुरून जो 'सूं-सूं' असा ध्वनी ऐकू येतो, तो तिच्या दंतचक्रांचा असावा असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः आधुनिक पवनचक्कीत तो बहुतांशी पात्याच्या मागच्या कडेशी जन्म घेतो. रात्रीच्या वेळी तो जवळच्या वस्तीस असह्य होऊ नये म्हणून काही ठिकाणी चक्की मुद्दाम मंद फिरवावी लागते, व तेवढी वीज गमवावी लागते. तेव्हा हा प्रश्न केवळ शांततेचा नाही.

विमानाचा पंख किंवा पवनचक्कीचे पाते यांच्या छेदाचा जो विशिष्ट आकार असतो, त्यास वातपर्ण म्हणतात. त्याच्या पृष्ठभागालगत वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरास सीमास्तर असे नाव आहे. पुढच्या कडेपासून काही अंतरावर हा थर संक्षुब्ध होतो आणि त्यात लहानमोठे भोवरे उठतात. मात्र हे भोवरे स्वतः फारसे बोलके नसतात. लाइटहिल यांनी १९५२ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार मोकळ्या संक्षुब्ध प्रवाहाच्या ध्वनीची तीव्रता वेगाच्या आठव्या घाताप्रमाणे बदलते; म्हणजेच मंद वेगास ती नगण्य ठरते. परंतु भोवरा मागच्या धारदार कडेवरून ओलांडून जाताना पृष्ठभाग एकाएकी संपतो, आणि त्याच्याबरोबर आलेले दाबाचे चढउतार तेथून ध्वनिरूपाने विखुरले जातात. फोक्स विल्यम्स व हॉल यांनी १९७० मध्ये दाखविले की, येथे तीव्रता वेगाच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलते. वेग दुप्पट झाल्यास ती बत्तीसपट होते हे खरे; पण वेग उतरला तरी ती आठव्या घाताइतक्या झपाट्याने घटत नाही. मंद वेगातही कड ऐकू येते ती यामुळेच.

यावरून उपायाच्या दोन वाटा दिसतात : कड बदलावी, अथवा कडेशी पोहोचण्यापूर्वी भोवऱ्यांचे स्वरूप बदलावे. पहिली वाट अधिक रुळलेली आहे. कडेला करवतीसारखे दाते बसविलेल्या पात्याची प्रत्यक्ष पवनचक्कीवर चाचणी झाली असून, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सरासरी ३.२ डेसिबेलची घट नमूद आहे.

दुसरी वाट घुबडाने सुचविली. ग्रॅहॅम यांनी १९३४ मध्येच घुबडाच्या निःशब्द उड्डाणाची तीन कारणे दिली होती : पंखाच्या पुढच्या कडेवरील फणी, मागच्या कडेची झालर आणि वरच्या पृष्ठावरील मखमली लव. पहिल्या दोहोंकडे अभ्यासकांचे लक्ष लवकर गेले. लव मात्र बराच काळ उपेक्षित राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता तिचे केस प्रथम पृष्ठभागावर जवळजवळ सरळ उभे राहतात व मग प्रवाहाच्या दिशेने वाकतात असे दिसते. दाट अरण्यात वर पानांचे छत आणि खाली निवांत पोकळी असावी, तशीच ही रचना होय.

या छताचे अनुकरण प्रथम विवाहप्रसंगीच्या ओढणीसारख्या झिरझिरीत कापडाने करण्यात आले. खडबडीत पृष्ठावर ते ताणून बसविले असता खडबडीतपणामुळे होणारा ध्वनी ३० डेसिबेलपर्यंत उतरला. परंतु पवनचक्कीच्या पात्याला कापड कसे गुंडाळणार? म्हणून केंब्रिज व व्हर्जिनिया टेक या विद्यापीठांतील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह मागच्या कडेच्या अलीकडे, प्रवाहाला समांतर अशा बारीक उभ्या पट्ट्यांची रांग बसवून पाहिली. पट्ट्यांची उंची काही मिलिमीटरच होती. वातविवरातील प्रयोगांत ध्वनी १० डेसिबेलपर्यंत घटला. म्हणजे त्याची तीव्रता दशांशावर आली. पट्ट्यांमुळे भोवरे पृष्ठभागापासून वर उचलले जातात, तसेच कडेच्या लांबीवर त्यांचा एकमेकांशी असलेला मेळ मोडतो, असे स्पष्टीकरण दिले जाते.

घुबडाशी केलेली तुलना फार ताणू नये. त्याचे उड्डाण मंद असते. पात्याचे टोक मात्र त्याच्या कितीतरी पट वेगाने हवा कापते. शिवाय पट्ट्यांमुळे हवेशी घासणारे क्षेत्रफळ वाढते, त्याबरोबर घर्षणही वाढते, आणि तो भार विजेच्या उत्पादनावर पडतो. घुबडाची झिजलेली पिसे गळून त्यांच्या जागी नवी येतात. पट्ट्यांना मात्र पाऊस, धूळ व पात्यावर चिकटणारे कीटक यांना वर्षानुवर्षे तोंड द्यावे लागेल, आणि मधल्या फटी बुजल्या तर त्यांचा उपयोगच उरणार नाही.