मत्स्यटाकीचा तळ : रेती घालावी की बजरी?

काचेच्या टाकीत शोभेचे मासे पाळणे हा पूर्वी मोठ्या शहरांतील हौशी लोकांचा छंद समजला जाई. १९५१ साली मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि सर्वसामान्य जनतेस या माशांची ओळख झाली. पुढे या छंदास घरगुती जोडधंद्याचे स्वरूप आले. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यात आला. बडनेरा हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील जंक्शन असून अमरावतीची बाजारपेठ त्यास लागूनच आहे. त्यामुळे या परिसरातील कुटुंबांना हा धंदा सोयीचा आहे.

तथापि टाकी, पंप व मासे यांवर पैसा खर्च करणारा मनुष्य टाकीच्या तळाचा विचार क्वचितच करतो. घरबांधणीतून उरलेली रेती किंवा रस्त्याच्या कडेची गिट्टी तो तळाशी पसरतो. काही आठवड्यांत मासे मरू लागले म्हणजे दोष विहिरीच्या पाण्यास दिला जातो. वास्तविक पुष्कळदा दोष तळाचा असतो.

तळाच्या थराचे कार्य

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट मात्र त्या मानाने निरुपद्रवी असते. शेतात शेणखत किंवा युरिया घातल्यावर जमिनीत हीच क्रिया घडते. हे जीवाणू खड्यांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात व त्यांना प्राणवायू लागतो. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

यावरून तळाच्या निवडीचे मुख्य तत्त्व ध्यानात येईल. काळ्या जमिनीत वाफसा असेल तरच मुळे श्वास घेतात. पाणी साचून जमीन चिभडली की पीक पिवळे पडते. टाकीच्या तळाचेही तसेच आहे. थरातून पाणी खेळते राहिले तर तो टाकी शुद्ध ठेवतो, आणि थर घट्ट बसला तर तोच सडतो.

रेतीचे गुणदोष

दोन मिलिमीटरपर्यंतच्या कणांस रेती म्हणतात. रेतीचा पृष्ठभाग सपाट व मऊ असतो. वाम माशासारखे तळात शिरून बसणारे मासे, तसेच मिशांनी तळ चाचपून अन्न शोधणारे मासे रेतीतच सुखी असतात. टोकदार खड्यांनी त्यांच्या मिशा झिजतात व जखमा चिघळतात. रेतीत घाण आत न जाता वरच राहते. त्यामुळे ती नळीने ओढून काढणे सोपे जाते. पाणवनस्पतींची मुळेही रेतीत चांगली धरतात.

परंतु रेतीचा थर जाड झाल्यास खालच्या भागात प्राणवायू पोहोचत नाही. तो भाग काळा पडतो आणि ढवळल्यास सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड वायू माशांना अत्यंत घातक असतो. म्हणून रेतीचा थर दोन ते तीन सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवू नये व आठवड्यातून एकदा बोटाने अथवा काडीने हलका उकरावा.

बजरीचे गुणदोष

टाकीसाठी तीन ते पाच मिलिमीटर आकाराची, नदीत घासून गोल झालेली बजरी योग्य असते. तिच्या फटींतून पाणी खेळते, त्यामुळे चार ते पाच सेंटिमीटर थरही सहसा सडत नाही. तळाखाली जाळी बसवून पाणी गाळण्याची पद्धत वापरावयाची असल्यास बजरीच घालावी. रेतीने जाळी बुजते.

बजरीचा दोष असा की, उरलेले खाद्य फटींत उतरते व दृष्टीआड कुजते. खाद्य बेताने न घालणाऱ्याची बजरी लवकरच घाणीचे कोठार होते. तसेच गोल्डफिश तळातील खडे तोंडात घेऊन टाकतो; मध्यम आकाराचा खडा त्याच्या घशात अडकू शकतो. त्याच्यासाठी बारीक रेती किंवा त्याच्या तोंडात न मावणारे गोटे घालावेत.

वऱ्हाडातील विशेष काळजी

पूर्णेच्या खोऱ्यातील गाळात व काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे विपुल आढळतात. ते बजरीत मिसळलेले असल्यास हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा वाढवितात. गप्पी व मॉली या माशांना जड पाणी मानवते. पण निऑन टेट्रासारख्या मृदू पाण्यातील माशांना ते सोसत नाही. परीक्षा सोपी आहे. काही खडे वाळवून कुटावेत व त्यांवर शिरका किंवा लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आल्यास त्यात चुनखडी आहे असे समजावे.

काळ्या पाषाणाची गिट्टी पाण्यात विरघळत नाही, पण तिच्या कडा धारदार असतात. गिट्टीची चुरीही वापरू नये. मुरूम पाण्यात फुटून गढूळपणा आणतो, म्हणून तोही वर्ज्य करावा. नदीपात्रातून रेती उचलण्यास सरकारी परवाना लागतो. ती अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी.

उन्हाळ्याचाही विचार अवश्य करावा. मे महिन्यात या भागात तापमान ४४ अंशांच्या वर जाते. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांस सुमारे साडेसात मिलिग्रॅमच राहतो. याच दिवसांत कुजण्याची क्रियाही वेगाने होते. म्हणून उन्हाळ्यापूर्वी तळाची सफाई करावी, खाद्य कमी करावे व टाकी सावलीत ठेवावी.

थर घालण्याची रीत

६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व तितक्याच उंच टाकीस तीन सेंटिमीटर थरासाठी सुमारे साडेपाच लिटर, म्हणजे अदमासे नऊ किलो रेती लागते. पाच सेंटिमीटर थरासाठी बजरी सुमारे चौदा किलो लागेल. भरलेल्या टाकीतील पाण्याचेच वजन पन्नास किलोंच्या घरात जाते, हे ध्यानी घेऊन तिवई मजबूत असावी.

रेती किंवा बजरी बादलीत घेऊन पाणी निवळ येईपर्यंत वारंवार धुवावी. साबण किंवा सोडा वापरू नये. थर मागील बाजूस किंचित उंच ठेवावा, म्हणजे घाण पुढे जमते व काढता येते. पाणी ओतताना थरावर बशी ठेवून तीवर ओतावे. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस उघडे ठेवावे. क्लोरामाइन मिसळलेल्या पाण्यास मात्र एवढे पुरत नाही, त्यासाठी क्लोरीननाशक औषध वापरावे. प्रारंभी मोजके मासे सोडावेत.

पुढे सफाई करताना सर्व थर एकदम बाहेर काढून धुऊ नये. तसे केल्यास उपयुक्त जीवाणू नष्ट होतात व टाकी पुन्हा नवी होते. दर आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावे व त्याच वेळी तळाचा थोडा थोडा भाग नळीने साफ करावा.

निवड कशी करावी?

प्रथम मासा ठरवावा, मग तळ. तळाशी राहणारे मासे व वनस्पती यांसाठी पातळ थराची रेती, मध्यजलात पोहणाऱ्या मिश्र माशांसाठी गोल बजरी, असा सामान्य नियम आहे. विक्रीसाठी पिले वाढविणाऱ्यांनी मात्र दोन्ही टाळून उघड्या तळाची टाकी व स्पंजाची गाळणी वापरावी. तेथे रोजची सफाई व पिलांची मोजदाद सुलभ होते. झेब्रा माशासारखे मासे आपलीच अंडी खातात. त्यांच्या प्रजननाच्या टाकीत गोट्यांचा थर द्यावा, म्हणजे अंडी फटींत पडून वाचतात.

नको झालेले मासे नदीनाल्यांत सोडू नयेत. परके मासे स्थानिक माशांचे अन्न व जागा बळकावतात. ग्रामसेवकांनी हा धंदा सुरू करू इच्छिणाऱ्यांस मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाशी संपर्क साधण्यास सांगावे. पहिली टाकी लहान ठेवून तिचा तळ सहा आठवडे न सडता टिकला, तरच दुसऱ्या टाकीवर पैसा घालावा, हे हिताचे होय.