मिठात नांदणारे जीव

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले की घटकाभरात भांड्यात पाणी सुटते, हे घरोघरच्या मायभगिनींना ठाऊक आहे. मीठ काकडीतले पाणी ओढून घेते. खारवलेल्या मासळीवर एखादा जंतू बसला तर त्याचीही हीच गत होते. अंगातले पाणी गेले की तो निकामी होतो, आणि मासळी टिकते.

मग भरपूर मीठ लावलेली मासळीही दमट, उष्ण हवेत कधी कधी तांबूस का पडते? ती बुळबुळीत होते, वास मारू लागते आणि कोळणीच्या हातचा भाव जातो. 'मीठ कमी पडले असेल, आणखी घाला,' असे कोणी म्हणेल. पण हे जंतू बहुधा मिठाबरोबरच आलेले असतात! समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. यांना त्याच्या पाचसहा पट खारट पाणी मानवते. शास्त्रज्ञ त्यांना लवणप्रिय सूक्ष्मजीव म्हणतात. यांतले पुष्कळसे खरे तर जिवाणूही नव्हेत, 'आर्किया' नावाच्या निराळ्या कुळातले आहेत.

त्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. बाहेर मीठ दाटलेले असते, म्हणून हे आपल्या पेशीत पोटॅशियमचे क्षार तितकेच दाट भरून ठेवतात. आतबाहेर सारखेच झाल्यावर पाणी ओढले जाणार कसे? मात्र ही सोय महागात पडते. मिठावाचून त्यांच्या अंगातली प्रथिने विस्कटतात आणि निव्वळ गोड्या पाण्यात पेशी फुटून जातात.

मिठागराच्या शेवटच्या वाफ्यांत पाणी आटत आले की त्यावर गुलाबी झाक येते, ती यांचीच. गाजराच्या रंगाच्या नात्यातले रंगद्रव्य त्यांच्या अंगात असते आणि ते कडक उन्हापासून त्यांचे रक्षण करते. मीठ धरू लागले की खड्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब कोंडले जातात, आणि त्या थेंबांत हे जीव तग धरून राहतात. मृत समुद्र नावाप्रमाणे निर्जीव नाही, हे वोल्कानी या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये दाखवले.

आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर जून २०२० मध्ये एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा लोक चकित झाले. तिथले पाणी खारट, शिवाय पापडखाराच्या जातीचे क्षारही त्यात आहेत. उन्हाळ्यात पाणी आटले, खारटपणा वाढला आणि या मंडळींचे फावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा हेच जीव सापडले. पुढे पाऊस पडला, पाणी पातळ झाले, जीव तळाशी बसले आणि रंग ओसरला.

पावसाने लोणारात केले ते मासळीवाल्यांना थोड्या प्रमाणात करता येते. खारवण्याच्या फळ्या, टोपल्या, पिंपे भरपूर गोड्या पाण्याने घासून धुवावीत आणि कडकडीत वाळवावीत. तांबूस पडलेल्या मासळीचे उरलेले मीठ, कितीही पांढरे दिसले तरी, नव्या मासळीला लावू नये.