होतकरू देऊन तारा घेताना

नावाजलेल्या खेळाडूसाठी संघाने आपले होतकरू तरुण देऊन टाकावेत काय, हा वाद अमेरिकेतील बेसबॉलमध्ये दरवर्षी जुलैअखेरीस रंगतो. आयपीएलमुळे तो आपल्याकडील क्रीडारसिकांच्याही परिचयाचा झाला आहे. मात्र दोन्हीकडचा हिशेब सारखा नाही. मुंबई इंडियन्सने २००९ च्या हंगामापूर्वी केलेल्या दोन अदलाबदली त्या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत.

पहिल्या व्यवहारात मुंबईने २३ वर्षांचा फलंदाज रॉबिन उथप्पा बंगळुरूला दिला आणि श्रीरामपूरचा तिशीतील डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खान मिळविला. दुसऱ्या व्यवहारात नेमके उलट घडले. डावखुरा वेगवान आशिष नेहरा दिल्लीला गेला आणि त्याच्या बदल्यात २३ वर्षांचाच शिखर धवन मुंबईत आला. उथप्पा २००७ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात खेळलेला असल्याने त्याला निव्वळ होतकरू म्हणता येणार नाही. धवन मात्र २००४ च्या युवा विश्वचषकात ५०५ धावा करूनही भारतीय संघाच्या उंबरठ्याबाहेरच होता.

नेहराने २००९ मध्ये दिल्लीसाठी १९ बळी घेतले आणि दिल्ली साखळीत अव्वल ठरली. मुंबई सातव्या स्थानी घसरली, पण पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत पोहोचली. धवनने आयपीएल कारकीर्दीत ६,७६९ धावा जमविल्या. त्यांतील फारच थोड्या मुंबईच्या वाट्याला आल्या. याचे कारण २०११ चा महालिलाव. प्रत्येक संघाला चारच खेळाडू राखता येणार होते. मुंबईने सचिन तेंडुलकर, हरभजनसिंग, पोलार्ड आणि मलिंगा यांना राखले. धवन डेक्कन चार्जर्सकडे, झहीर बंगळुरूकडे, तर उथप्पा व नेहरा पुणे वॉरियर्सकडे गेले. अदलाबदल झालेल्या चौघांपैकी एकही नव्या संघात टिकला नाही. जोपासलेले रोप फळाला येण्याआधीच शेत दुसऱ्याचे व्हावे, तसा हा प्रकार!

बेसबॉलमध्ये मेजर लीगमधील पहिली सुमारे सहा वर्षे खेळाडू क्लबच्याच ताब्यात राहतो. त्यामुळे होतकरू गमावणे तेथे खरोखर महागात पडते. डेट्रॉइटने १९८७ मध्ये अनुभवी डॉइल अलेक्झांडरसाठी २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. अलेक्झांडरने त्या हंगामात डेट्रॉइटसाठी नऊ सामने जिंकले, एकही गमावला नाही. डेट्रॉइटने गटविजेतेपद मिळविले. स्मोल्ट्झ मात्र अटलांटाचा आधारस्तंभ बनला आणि २०१५ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये दाखल झाला. या सौद्याला सरसकट मूर्खपणा ठरविणे अन्यायाचे आहे. डेट्रॉइटला त्या वर्षी जे हवे होते, त्यातले बरेच मिळाले. सॅन दिएगोचे उदाहरण अधिक बोचरे. २०२२ मध्ये हुआन सोटोसाठी या क्लबने वॉशिंग्टनला पाच होतकरू दिले. विश्वमालिका दूरच राहिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये सोटोही न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. वॉशिंग्टनला मिळालेल्या तरुणांपैकी एब्रम्स, गोर व वुड हे तिघे पुढे ऑल-स्टार झाले.

हार्दिक पंड्याला मुंबईने नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातकडून परत आणले, ते याच फरकाच्या जोरावर. त्यासाठी पैशांची तजवीज म्हणून २४ वर्षांचा कॅमेरॉन ग्रीन बंगळुरूला विकला गेला. आदल्या हंगामात त्याने मुंबईसाठी ४५२ धावा केल्या होत्या. पण पुढचा महालिलाव वर्षभरावर आला होता. ग्रीनवर मुंबईचा निश्चित हक्क एका हंगामापुरताच उरला होता, आणि राखण्याच्या मोजक्या जागा बुमराह, सूर्यकुमार, रोहित यांच्यासारख्यांनाच जाणार होत्या. हार्दिकच्या नेतृत्वाखाली २०२४ मध्ये मुंबई तळाला गेली. तरीही संघाने त्याला १६.३५ कोटी रुपयांना राखले. ग्रीनसाठी कोलकात्याने डिसेंबर २०२५ च्या लिलावात २५.२० कोटी मोजले, तेव्हा त्या बोलीचा मुंबईच्या जुन्या हिशेबाशी काहीही संबंध उरलेला नव्हता.