जुन्या बॅटरीला नवा दिवा

आपल्याकडे टॉर्चला सर्रास ‘बॅटरी’ म्हणतात. ‘विजेरी’ हा शब्द गोड खरा; पण रात्री अंगणात काही वळवळले तर ‘विजेरी आणा’ असे कोणी ओरडत नाही. दोन मोठ्या सेलची ती पत्र्याची बॅटरी अजून पुष्कळ घरांत माळ्यावर पडून आहे. बल्ब गेला, एवढाच बहुधा तिचा दोष. तिच्यात एलईडी बसवता येतो का? येतो. मात्र दोन्ही दिव्यांचे स्वभाव वेगळे आहेत, ते आधी समजून घ्यावेत.

जुना बल्ब तापून उजेड देतो. टंगस्टनची बारीक तार लखलखेपर्यंत तापते आणि बहुतेक वीज उष्णतेतच खर्ची पडते. एलईडीत तार नाही. अर्धवाहकाच्या इवल्याशा स्फटिकातून वीज वाहताना थेट प्रकाश निघतो. निक होलोन्याक यांनी १९६२ साली लाल एलईडी करून दाखवला. पण पांढऱ्या उजेडासाठी चांगला निळा एलईडी हवा होता. तो अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी नव्वदच्या दशकात साधला आणि २०१४ साली त्यांना नोबेल मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला, की डोळ्याला तो पांढरा दिसतो.

आता बदल करताना काय पाहायचे? पहिले, सेल किती. दोन सेलचे तीन व्होल्ट होतात. पांढऱ्या एलईडीला साधारण तेवढेच लागतात, म्हणून सेल थोडे उतरले की तो मंदावतो. तीन सेल असतील तर साडेचार व्होल्ट होतात. तेथे सुटा एलईडी थेट जोडला तर जास्त वीज ओढून जळतो. मध्ये रोधक हवा. २० मिलिअँपिअरच्या साध्या एलईडीला ६८ ओहमचा पुरतो. हा खटाटोप नको असेल तर जुन्या बल्बच्याच आकाराचा तयार एलईडी बल्ब मिळतो. आटे असलेला की कॉलरचा, हे पाहण्यासाठी जुना बल्ब दुकानात न्यावा आणि नव्यावरचे व्होल्ट वाचावेत.

दुसरे, दिशा. जुन्या बल्बला सेल उलटे घातले तरी चालत. एलईडीत वीज एकाच बाजूने वाहते. पेटला नाही, तर फेकण्याआधी सगळे सेल उलटे घालून पाहावेत.

तिसरे, झोत. जुन्या बल्बची तार आरशाच्या नाभीवर असते, म्हणून झोत लांब जातो. एलईडीचा उजेड मुख्यतः समोर पडतो, आरशाचा उपयोग कमी होतो. झोत आखूड आणि पसरट होतो. पायाखालचे छान दिसते, लांबचे झाड तेवढे दिसत नाही.

उजेडाचा रंगही बदलतो. माझ्या अब्बांच्या पितळी बॅटरीचा उजेड साजूक तुपासारखा होता. एलईडीचा दुधाळ, किंचित निळसर. ज्यांना तो खुपतो त्यांनी ‘वॉर्म व्हाइट’ मागावा.

हे सगळे कशासाठी? शेताला रात्रीच्या पाळीचे पाणी देणाऱ्या माणसाला विचारा. मण्यार रात्रीच फिरते आणि बॅटरी हातून पडली, की जुन्या बल्बची तार नेमकी तेव्हाच तुटते. एलईडीत तुटायला तार नाही. जुना बल्ब ३०० मिलिअँपिअर ओढत असे, साधा एलईडी २०. म्हणजे तेच सेल कितीतरी रात्री जास्त पुरतात. सेल उतरले तरी उजेड हळूहळू कमी होतो, घरी पोचायला वेळ मिळतो.

एकच पथ्य. बॅटरी बरेच दिवस वापरायची नसेल तर सेल काढून ठेवावेत. साध्या सेलचे जस्ताचे कवच आतून खाल्ले जाते, रसायन पाझरते आणि पत्रा गंजतो. मग कोणताही दिवा बसवून उपयोग नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)