कांद्याच्या सालींचं सोनं

मालेगावच्या स्वयंपाकघरात कांद्याची सालं निघत नाहीत असा दिवस विरळाच. मालेगाव ज्यात येतं तो कसमादे पट्टा कांद्याचा आणि डाळिंबाचा; त्यामुळे इथल्या ओल्या कचऱ्याचीही खास ओळख. ही सालं घंटागाडीत टाकण्यापेक्षा खालून आणि बाजूंनी भोकं पाडलेल्या जुन्या बादलीत गेली, तर दोन-तीन महिन्यांत खत होतं.

तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळका पाला, मग ओला कचरा. दर वेळी एक वाटी ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या पाला. सोबत मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक घातलं की जिवाणूंचं विरजण मिळतं. डाळिंबाची साल चिवट असते, ती बारीक चिरूनच टाकावी.

बादलीला वास येऊ लागला तर समजावं, पाणी जास्त आणि हवा कमी झाली. पाला घालून ढवळलं की वास जातो.

मुंग्या लागल्या तर उलटं: खत कोरडं पडलंय. चाळिशी ओलांडणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात हेच अधिक घडतं, म्हणून बादली सावलीत हवी आणि वरून ओलं गोणपाट. मूठ दाबली की हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये.

यंत्रमागाच्या गावात चिंध्यांना तोटा नाही. निव्वळ सुती चिंधी बादलीत कुजते, पॉलिस्टरची मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते. मांस-मासे आणि तेलकट उष्टं नवख्यांनी टाळावं.

तयार खत काळपट, भुसभुशीत असतं; त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. एक भाग खत, तीन भाग माती: कुंडीतल्या मेथीला एवढं पुरतं.