आवाजाची साठवण : छोटी तबकडी की कार्ड?

अंबड म्हटले की आज नाशिकची औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे येते. पण कारखान्यांच्या शेजारीच अंबड गाव आहे, आणि पहाटे जात्याची घरघर ऐकलेली माणसे त्या गावात अजून आहेत. माझी थोरली आत्या त्यांच्यापैकी एक होती. घरोघरी गिरणीचे पीठ आले, जाती कोपऱ्यात उभी राहिली, आणि ओव्या तेवढ्या आत्याच्या गळ्यात उरल्या. २००३ साली मी एक ध्वनिमुद्रक यंत्र घेऊन तिच्यापुढे बसलो.

यंत्र खिशात मावेल एवढे होते. त्यात मिनिडिस्क नावाची छोटी तबकडी बसे. आत्याने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, “अरे, एवढ्याशा डबीत माझा आवाज राहील का?” मी म्हटले, “राहील आत्या, तू म्हण.” तिने दोन तबकड्या भरतील एवढ्या ओव्या म्हटल्या. त्यांपैकी एकच तबकडी आज ऐकता येते. दुसरीचे काय झाले ते पुढे सांगतो. आधी यंत्राचे मर्म पाहू.

विहिरीचे पाणी दिवसभरात कसे चढले-उतरले हे टिपायचे, तर आपण ठरावीक वेळाने दोरी सोडून पातळी मोजतो आणि आकडे वहीत लिहितो. आकड्यांवरून चढउतार पुन्हा काढून दाखवता येतो. आवाज म्हणजे हवेतला चढउतारच. डिजिटल यंत्र त्याची पातळी मोजते; मात्र तासातून एकदा नव्हे, तर सेकंदाला ४४,१०० वेळा. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हे प्रमाण ठरले. अशी एका तासाची मोजणी सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते.

एवढे आकडे छोट्या तबकडीत मावत नव्हते. १९९२ साली जपानच्या सोनी कंपनीने मिनिडिस्क काढली. आतली तबकडी ६४ मिलिमीटरची, म्हणजे साध्या सीडीच्या जवळजवळ निम्म्या रुंदीची. पण तीत ७४ मिनिटांचा आवाज राही. ते साधले चाळणीने. मोठ्या आवाजाखाली दबलेले, कानाला सहसा न जाणवणारे बारकावे यंत्र गाळून टाकी आणि आकडे सुमारे पाचव्या हिश्शावर आणी. आजची एमपी३ पद्धतही याच जातीची. पीठ चाळले की भाकरीला अडत नाही, पण फेकलेला कोंडा परत आणता येत नाही. म्हणून जे पुढच्या पिढीसाठी ठेवायचे, ते शक्य तर न चाळलेले ठेवावे.

लिहिण्याची रीतही गमतीची होती. लेसरचा किरण तबकडीचा एक बारीकसा ठिपका तापवी, आणि तो निवत असताना दुसऱ्या बाजूचे चुंबक त्यावर आपली खूण उमटवी. त्यामुळे तीच तबकडी पुनःपुन्हा पुसून लिहिता येई.

आजही शौकीन मंडळी जमली की या तबकडीचा आणि कार्डाच्या यंत्राचा वाद रंगतो. तबकडीवाले म्हणतात, ती प्लास्टिकच्या डबीत सुरक्षित असते, वर नाव लिहिता येते, पुस्तकासारखी कपाटात लावता येते. कार्डवाले म्हणतात, आमच्या यंत्रात फिरणारा भागच नाही. धूळ-धक्क्याची भीती कमी, आणि बत्तीस गिगाबाइटच्या कार्डावर न चाळलेला आवाजसुद्धा सुमारे पन्नास तास मावतो. दोघांचेही खरे आहे. परंतु खरा कस ध्वनिमुद्रण संपल्यावर लागतो.

मिनिडिस्क आधी आवाज लिही आणि कोठे काय आहे याची अनुक्रमणिका शेवटी लिही. आत्याचे म्हणणे संपल्यावर मी बटण दाबले. अनुक्रमणिका लिहून व्हायच्या आतच घाईने बॅटरी काढली. यंत्राचा दोष नव्हे, माझा उतावळेपणा. ओव्या तबकडीवर असतील, पण यंत्र तिला कोरी म्हणते. शेत जागेवर आहे, पण सातबाऱ्यावर नोंदच नाही, तसा प्रकार! “पुन्हा म्हणशील का?” असे विचारायचे मी पुढे ढकलीत राहिलो, आणि आत्या गेली.

दुसरी तबकडी ठीक होती, तर काही वर्षांनी यंत्र बंद पडले. नाशिकच्याच एका शौकिनाकडे चालते यंत्र मिळाले. तबकडीवरून फाइल थेट संगणकात घेण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. तारेने जोडून सबंध तबकडी ऐकत बसलो, तेव्हा कोठे आवाज उतरला. आता तर तसली यंत्रेही जुनी झाली. सोनीने शेवटची मिनिडिस्क यंत्रे २०१३ साली थांबवली आणि कोऱ्या तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले.

आता चांगले उदाहरण पाहा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येक फितींवर ध्वनिमुद्रित झाल्या. फितींचा काळ सरला, पण आवाज वेळीच संगणकात आणला गेला. म्हणून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ओव्या आज कोणालाही ऐकता येतात.

तेव्हा गुरुजींना आणि गावच्या तरुणांना माझे सांगणे एवढेच, की तबकडी की कार्ड या वादात अडकू नका. कोणतेही भांडे फुटायचेच. धान्य वेळेवर दुसऱ्या भांड्यात घाला. कार्डाचे यंत्र असेल तर ‘वेव्ह’ या साध्या, न चाळलेल्या प्रकारात आवाज घ्या. ते नसेल तर मोबाइल चालेल. मात्र मध्येच फोन येऊ नये म्हणून तो विमान-मोडवर ठेवा. पंखा बंद करा आणि यंत्र तोंडापासून वीत-दोन वीत अंतरावर ठेवा. प्रथम म्हणणाराची परवानगी घ्या. मग नाव, गाव, तारीख मोठ्याने बोलून घ्या आणि वहीतही लिहा. आजीसमोरच थोडे ऐकून पाहा. त्याच दिवशी दोन प्रती करा, एक घरी आणि एक शाळेत. आणि दर वर्षी त्या वाजवून पाहा.

हे सारे करायला एक दुपार पुरते. परंतु ती दुपार पुढे ढकलू नका. यंत्र उद्याही मिळेल. आजी मिळेलच असे नाही.